जंप सर्व्हिसचा हिशेब: खात्याचा व्हॉलीबॉलपटू कॉलेजचा प्रशिक्षक होतो तेव्हा

हे प्रकरण २०२३ ते २०२५ या दोन हंगामांतलं आहे. माणसांची, कॉलेजची, खात्याची आणि गावांची नावं दिलेली नाहीत. मुलं ज्यांना 'सर' म्हणत, त्यांना इथंही सरच म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

सर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे. उंची सहा फूट दोन इंच, खेळायची जागा डावी बाजू, म्हणजे आउटसाइड हिटर. एकविसाव्या वर्षी क्रीडा कोट्यातून सरकारी खात्यात कारकून म्हणून लागले आणि पुढची बारा वर्षं खात्याच्या संघाकडून खेळले. आपल्याकडे व्यावसायिक व्हॉलीबॉलपटू म्हणजे बहुधा असाच माणूस असतो: पगार टेबलाचा, काम मैदानावरचं. रेल्वे, सेनादल, तेल कंपन्या, पोलीस, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये हैदराबादला प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली आणि करारावर खेळायची सोय झाली. सर तिचे पहिले दोन हंगाम खेळले. दुसऱ्यात बहुतेक वेळ बाकावरच होते, कारण डाव्या गुडघ्याचा टेंडन दोन वर्षं कुरकुरत होता.

चौतिसाव्या वर्षी टेबल आलं. बदली मागून घेतलेलं कार्यालय गावापासून रेल्वेनं तासाभरावर. त्याच सुमारास गावातल्या अनुदानित कॉलेजनं विचारलं: मुलांचा व्हॉलीबॉल संघ घ्याल का? मानधन महिन्याला आठ हजार, जुलै ते डिसेंबर.

मानधनच का, कायम जागा का नाही, याचं उत्तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत आहे. शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेत पदक असेल तर वेगळी वाट आहे, पण तिथंही पदव्युत्तर पदवी लागतेच. सर बी.ए. झालेले. बी.पी.एड. दोन वर्षं, एम.पी.एड. दोन वर्षं, मग सेट. म्हणजे पस्तिशीत सुरुवात करून चाळिशीला अर्ज. खेळाचं ज्ञान आणि पदाची पात्रता या दोन गोष्टी आपल्याकडे एकमेकींना क्वचित भेटतात. त्यामुळे कॉलेजांतले बरेच प्रशिक्षक मानधनावर असतात, आणि संघाच्या कागदावर सही जिमखाना प्रमुखांची असते. इथले जिमखाना प्रमुख कबड्डीचे. माणूस सरळ, पण व्हॉलीबॉलशी संबंध प्रवेशिका भरण्यापुरता.

अडचण: पहिला हंगाम

कॉलेजच्या व्हॉलीबॉलचं वेळापत्रकच अवघड असतं. प्रवेश जुलैअखेर आटोपतात, विभागीय स्पर्धा सप्टेंबरात लागते. हातात सहा-सात आठवडे, आणि ते भर पावसाळ्याचे. मैदान मुरुमाचं. एक जोराचा पाऊस येऊन गेला की दोन दिवस त्यावर उडी मारायची सोय नाही.

सरांनी खात्यातला सराव जसाच्या तसा इथं लावला. आठवड्यातले सहा दिवस, सकाळी सहा ते आठ. अर्धा तास स्मॅशची रांग, मग प्रत्येकी तीस जंप सर्व्हिस, म्हणजे उडी मारून जोरात मारलेली सर्व्हिस, मग जोडीनं ब्लॉक, म्हणजे जाळीवर उडी मारून स्मॅश अडवणं. नंतर मोजलं तेव्हा लक्षात आलं, की एका मुलाच्या दिवसाला १२० ते १३० उड्या होत होत्या. आठवड्याला सातशेच्या पुढे.

खात्यातला खेळाडू हा भार पेलतो, पण त्यामागे दहा वर्षांचं शरीर असतं, लाकडी किंवा सिंथेटिक कोर्ट असतो, फिजिओ असतो आणि सरावानंतर झोपायला वेळ असतो. इथली निम्मी मुलं साडेचारला उठून म्हशींच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून यायची. नाश्ता चहा-खारी. पायात झिजलेले बूट आणि खाली ओला, घट्ट दबलेला मुरूम. चौथ्या आठवड्यात सोळापैकी दहा मुलं उरली. गेलेल्यांपैकी दोघांची तक्रार एकच होती. कुठं दुखतंय म्हणून विचारलं की दोघंही गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकावर एक बोट ठेवत. दुखणं संपूर्ण गुडघ्याचं नसून एका बोटाएवढ्या जागेचं असलं, की बहुधा तो जंपर्स नी, म्हणजे सततच्या उड्यांनी होणारं टेंडनचं दुखणं, असतो. स्वतःचा गुडघा दोन वर्षं तिथंच दुखत असूनही सरांनी हे 'सवय नाही, होईल' म्हणून सोडलं, ही या प्रकरणातली पहिली चूक.

दुसरी चूक रिसीव्हमध्ये, म्हणजे समोरून आलेली सर्व्हिस घेण्यात. लीगमध्ये तीन खेळाडू सर्व्हिस घेतात, म्हणून इथंही तीनच उभे केले. नऊ मीटर रुंदीत प्रत्येकाच्या वाट्याला तीन मीटर येतात. पाय हलवायची सवय असलेल्यांना ते जमतं. इथल्या तिसऱ्या मुलाला जमत नव्हतं, आणि समोरच्या संघांना हे कळायला पाच-सहा सर्व्हिस पुरल्या.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडली. विभागीय स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी, तीन सेटचा सामना, १-१ बरोबरी. निर्णायक सेट पंधराचा. १२-११ अशी आघाडी असताना सर्व्हिसला गेलेल्या मुलानं बाकाकडे पाहिलं. सरांनी हात वर फिरवून जंप सर्व्हिसची खूण केली. चेंडू जाळीत. १२-१२. सामना १३-१५ असा गेला.

रात्री एका राखीव मुलानं मोबाइलवर काढलेलं चित्रण पाहून मोजणी झाली. गुणपत्रिकेवरून ती करता येत नाही, कारण तिथं सर्व्हिसची फेरी कुठल्या गुणावर संपली एवढंच कळतं, ती चुकून संपली की समोरच्याच्या स्मॅशनं, हे कळत नाही. चित्रणात तीन सेटमध्ये संघाच्या सतरा सर्व्हिस फुकट गेलेल्या दिसल्या.

हिशेब उलटा का पडतो

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण वरच्या स्तरावरून आलेले बरेच प्रशिक्षक इथंच फसतात.

लीगमधला रिसीव्ह पक्का असतो. समजा, साधी फ्लोट सर्व्हिस, म्हणजे न फिरता तरंगत जाणारी, टाकली तर समोरचा संघ शंभरातले सत्तर गुण काढून घेतो. दहा फ्लोटमधली एक चुकली, नऊ आत पडल्या, त्यांतल्या तीस टक्क्यांवर आपल्याला गुण: २.७. जंप सर्व्हिसच्या दहापैकी तीन चुकल्या, सात आत पडल्या, पण रिसीव्ह फाटल्यामुळे समोरच्याचं यश पन्नास टक्क्यांवर आलं, तर आपले गुण ३.५. धोका पत्करणं फायद्याचं.

आता हेच विभागीय कॉलेज स्पर्धेत करू. समोरचा संघ साध्या फ्लोटवरही समजा शंभरातले पंचेचाळीसच गुण काढतो. पहिला चेंडू लिफ्टरपर्यंत, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्यापर्यंत, जात नाही, गेला तर उचललेला चेंडू जाळीपासून दोन मीटर लांब, आणि स्मॅश बाहेर. नऊ फ्लोट आत, त्यांतल्या पंचावन्न टक्क्यांवर आपल्याला गुण: ४.९५. जंप सर्व्हिस मारणारा कॉलेजचा मुलगा दहातल्या चार घालवतो. उरलेल्या सहांवर सत्तर टक्के गुण मिळाले असं धरलं, तरी ४.२.

म्हणजे समोरचा संघ जितका कच्चा, तितकी चुकलेली सर्व्हिस महाग. गृहीत धरलेले आकडे थोडे इकडंतिकडं केले तरी निष्कर्ष सहसा बदलत नाही. लीगमध्ये सेट पंधरा गुणांचा असतो, त्यामुळे दोन-तीन दणदणीत सर्व्हिसनी सेट फिरवायची खेळाडूला सवय लागते. कॉलेजचे नेहमीचे सेट पंचवीसचे. तिथं सातत्य जास्त चालतं.

पर्याय

पहिला हंगाम संपल्यावर सर आणि जिमखाना प्रमुख बसले. चार गोष्टी मांडल्या गेल्या.

तयार खेळाडू आणणं. फी माफ, वसतिगृह माफ, शेजारच्या जिल्ह्यातून दोन हिटर. जिमखाना प्रमुखांचा कल इकडं होता, आणि त्यात गैर काही नाही. अनेक कॉलेजं हेच करतात. सरांचं म्हणणं, हिटर आणून रिसीव्ह सुधारत नाही. शेवटी एकच आणायचा ठरलं.

तोच सराव मेपासून सुरू करणं. मैदान कोरडं मिळालं असतं, पण मे-जूनमध्ये मुलं गावी, शेतात किंवा कामाला. वसतिगृह बंद. हा पर्याय दहा मिनिटांत मागे पडला.

उड्या कमी करून सराव बदलणं. याला जागा लागणार होती, कारण पावसात मैदानावर काहीच होत नाही.

चौथा पर्याय सरांनी स्वतःपुरता मांडला: कॉलेज सोडून पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करायचा. त्यासाठी वर्षभराची रजा हवी होती आणि घरात पगार एकच. मधला मार्ग म्हणून त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम अर्जित रजा टाकून उन्हाळ्यात केला. त्यानं पद मिळत नाही. पण सरावाचा आराखडा कागदावर मांडायची सवय लागते, आणि बारा वर्षं फक्त दुसऱ्यांनी आखलेला सराव केलेल्या माणसाला नेमकी तीच नसते.

काय केलं

जागेचा प्रश्न मंगल कार्यालयानं सोडवला. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो, लग्नाचे मुहूर्त नाहीत, गावातली कार्यालयं रिकामी. मालकानं वीजबिलावर दालन दिलं, मोडतोड झाली तर भरून द्यायच्या बोलीवर. पहिल्याच आठवड्यात एक ट्यूब फुटली, ती भरून दिली, मग पंख्यांच्या पात्यांना आणि दिव्यांना जाळी बांधली. लांबी सत्तर फूट, रुंदी चाळीस. अठरा बाय नऊ मीटरचा कोर्ट जेमतेम बसतो, टोकाला उभं राहून सर्व्हिस करायला पाच-सहा फूटच उरतात. दोन खांबांमध्ये दोरी बांधली. बांबूवर २.४३ मीटरची खूण करून ती रोज मधोमध मोजायची, कारण दोरी मध्ये पोटातून खाली येते आणि कडेला मोजलं तर फसगत होते.

दोन अडचणी होत्या. छत पंधरा फुटांवर, म्हणजे साडेचार मीटर. नियमाप्रमाणे कोर्टावर सात मीटर मोकळी जागा लागते. आणि फरशी गुळगुळीत. ओले बूट दाराशी गोणपाटावर काढायचे, आतला जोड वेगळा. ज्यांच्याकडे दुसरा जोड नव्हता त्यांच्यासाठी जिमखान्यातून सहा जोड घेतले. फरशीवर उडी पूर्ण बंद.

या बंदीनं सरावाचं रूपच बदललं. आठवड्याची मांडणी अशी झाली: सोमवार, बुधवार, शुक्रवार मैदान मिळालं तर उडीचा सराव, मंगळवार, गुरुवार, शनिवार दालनात फक्त सर्व्हिस आणि रिसीव्ह. उडीच्या दिवशी सुरुवात चाळीसपासून, सहाव्या आठवड्यापर्यंत जास्तीत जास्त सत्तर. मोजायला एक राखीव मुलगा वही घेऊन बसे, पाच-पाचच्या रेघा मारत. सत्तरावी रेघ पडली की तो मुलगा बाहेर, सरांनी सांगितलं तरी आत नाही. हा नियम मुलांसाठी कमी, सरांसाठी जास्त होता.

गुडघा दुखणाऱ्यांना सराव बंद केला नाही. शहरातल्या फिजिओनं सांगितल्याप्रमाणे स्पॅनिश स्क्वाट: खांबाला जाड पट्टा बांधून गुडघ्यामागून घ्यायचा, मागे बसल्यासारखं खाली जायचं आणि ४५ सेकंद तसंच थांबायचं, असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर गेलं तर त्या दिवशी उडी नाही.

रिसीव्ह चौघांवर आणला. नऊ मीटरला चार, म्हणजे प्रत्येकी सव्वादोन मीटर. प्रत्येक रिसीव्हला शून्य ते तीन गुण: लिफ्टर जागेवरून कुठंही चेंडू देऊ शकला तर तीन, दोनच ठिकाणी देऊ शकला तर दोन, कसाबसा उचलला तर एक, गेला तर शून्य. वीस चेंडूंची सरासरी दोनच्या खाली आली की तो गट पुन्हा.

सर्व्हिसला जंप फक्त एकाच मुलाला ठेवली, ज्याच्या दहातल्या आठ आत पडत होत्या. बाकी सगळ्यांना उभ्यानं फ्लोट. तळहात ताठ, चेंडूच्या मध्यावर आखूड फटका, आणि लागल्या लागल्या हात थांबवायचा. हात पुढं वाहत गेला की चेंडू फिरतो आणि तरंगत नाही.

यात एक बारीकशी गोष्ट सापडली. फ्लोट काही केल्या हलत नव्हती आणि रिसीव्ह हातावरून टणकन उडत होता. चेंडू तपासले तर हवा जवळपास दुप्पट. नियम ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर सांगतो, म्हणजे साधारण सव्वाचार ते साडेचार पीएसआय. गावात चेंडू सायकलच्या दुकानात भरले जात आणि तिथं 'कडक' म्हणजे चांगला. तीनशे रुपयांचा मोजणीकाटा असलेला हातपंप आणला. इतक्या स्वस्तात या संघाला दुसरी कुठलीही सुधारणा मिळालेली नाही.

टाइमआउटही बदलले. तीस सेकंदांत मुलं बाकापर्यंत येऊन पाणी पिईपर्यंत दहा जातात. पहिल्या वर्षी उरलेल्या विसांत सर सात-आठ सूचना देत. आता दोनच: सर्व्हिस कुणावर, ब्लॉक कुठं.

निकाल

दुसऱ्या हंगामात संघ विभागातून वर गेला आणि आंतरविभागीय स्पर्धेत उपांत्य फेरीत हरला. त्या सामन्याच्या तीन सेटमध्ये फुकट गेलेल्या सर्व्हिस होत्या सहा. हार झाली ती समोरच्या संघाच्या मधल्या ब्लॉकरमुळे, आणि तिथं करण्यासारखं फार काही नव्हतं. विद्यापीठाच्या शिबिराला दोन मुलं गेली; त्यांतला लिबेरो, म्हणजे फक्त मागे बचाव करणारा खेळाडू, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठीच्या विद्यापीठ संघात राहिला. हा तोच मुलगा, जो पहिल्या वर्षी तिसरा रिसीव्हर म्हणून सगळ्यांच्या निशाण्यावर होता.

हंगामाअखेर सोळापैकी चौदा मुलं सरावाला होती. गुडघा एकाचाच बिघडला, मधल्या ब्लॉकरचा. वहीत त्याच्या उड्या चोख होत्या. नंतर कळलं, की तो शनिवारी रात्री आजूबाजूच्या गावांतल्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा खेळत होता, बक्षिसाच्या रकमेसाठी. एका रात्रीत चार सामने. त्या उड्यांची वही कुणाकडेच नव्हती.

बाहेरून आणलेला हिटर खेळलाच नाही. आधीच्या कॉलेजचा दाखला उशिरा आला, प्रवेशाची तारीख हुकली आणि पात्रता अर्जावर नाव चढलं नाही. बारांतली एक जागा त्याच्यासाठी शेवटपर्यंत राखून ठेवली होती, ती वाया गेली.

सरांच्या नोकरीतही एक अडथळा आला. पहिल्या वर्षीच्या मानधनातून कॉलेजनं टीडीएस कापला आणि तो सरांच्या पॅनवर दिसला. कार्यालयानं विचारणा केली: दुसरीकडून मिळणाऱ्या या उत्पन्नाला परवानगी कुठं आहे? परवानगी तोंडी घेतलेली होती. खुलासा, समज, आणि दुसऱ्या हंगामाच्या आधी कॉलेजच्या पत्रासह रीतसर अर्ज. ना हरकत मिळाली ती एका वर्षापुरती, कार्यालयीन वेळेबाहेर या अटीवर. त्यामुळे पावणेआठला सराव सोडून सव्वाआठची गाडी धरणं आलं. शेवटची पंधरा मिनिटं आता तिसऱ्या वर्षाचा कर्णधार घेतो.

काय वेगळं करता आलं असतं

परवानगीचं पत्र पहिल्या मानधनाच्या आधी. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीतल्या कुठल्याही खेळाडूनं प्रशिक्षकपद घेताना हे पहिलं काम धरावं. मानधन न घेता शिकवायचं असलं तरी लेखी कळवलेलं बरं.

पहिल्या हंगामाचा पहिला आठवडा नुसता मोजण्यात घालवायला हवा होता. सर्व्हिस किती आत पडतात, रिसीव्ह किती जणांना जमतो, कोण किती वाजता उठतो. सरावाचा आराखडा त्यानंतर.

दालनातल्या सरावानं एक खोड लावली, तिचा अंदाज कुणालाच आला नव्हता. साडेचार मीटरच्या छताखाली मुलांचा रिसीव्ह सपाट झाला. उघड्या मैदानावर आल्यावर चेंडू लिफ्टरकडे इतक्या खालून आणि वेगानं यायचा, की त्याला खाली वाकूनच तो घ्यावा लागे. शिवाय दालनात वारा नसतो, मैदानावर फ्लोट वाऱ्यानं दुप्पट हलते. स्पर्धेआधी निदान आठ दिवस बाहेरचा रिसीव्ह हवा होता, मिळाले तीन. शेजारच्या तालुक्यातलं क्रीडा संकुल आठवडाभर भाड्यानं घेता आलं असतं, हिटरच्या फी-माफीपेक्षा ते स्वस्त पडलं असतं.

गावोगावच्या रात्रीच्या स्पर्धा बंद करायचा प्रयत्न सरांनी केला नाही, आणि ते बरोबर होतं. त्या पैशांवर काही मुलांची एसटीच्या पासची सोय होते. पण सोमवारी सकाळी 'शनिवारी किती सामने?' एवढं विचारून वहीत लिहिलं असतं, तरी त्या ब्लॉकरला सोमवारी उडीपासून बाजूला ठेवता आलं असतं. तिसऱ्या हंगामाच्या वहीत तेवढा एक रकाना वाढवला आहे.